टीम ज्या वाक्याला हसली ते मराठीत अगदी बरोबर होतं

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडं कमी करून देतेय.

"ताई, मी 33 वर्षांची आहे. गाव जालन्याजवळ, शिक्षण सगळं मराठी मीडियम, आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. बीकॉम केलं, लग्नानंतर पुण्यात आले, आता एका कंपनीत अकाउंट्सला आहे. काम मला येतं, जीएसटी रिटर्न, बँकेचं रिकन्सिलिएशन सगळं मीच बघते, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की हातपाय गार पडतात. मागच्या आठवड्यात कॉलवर सुट्टी मागताना मी 'माय हजबंड इज हॅविंग फीवर सिन्स टू डेज' असं म्हणाले तर दोघंतिघं हसले, नंतर एकाने ग्रुपवर तेच वाक्य टाकून पुढे हसणारे इमोजी टाकले. घरी मुलगी दुसरीत आहे, इंग्लिश मीडियम, ती पण मला मध्येच थांबवून 'मम्मा असं नसतं' म्हणते. स्पोकन इंग्लिशचा एक 3 महिन्यांचा कोर्स बघितलाय, फी 28 हजार. लावू का? की आता वय गेलं? आणि नक्की चुकतं काय ते तरी सांगा, कारण कोणी सांगत नाही, नुसते हसतात."

अगं, तुझं ते शेवटचं वाक्य वाचून मला राग आला, तुझ्यावर नाही, त्या हसणाऱ्यांवर. मी 22 वर्षं मराठी मीडियमच्या मुलामुलींना इंग्रजी शिकवलंय आणि एक गोष्ट मला पक्की कळलीये, की ही मुलं वाटेल तशा चुका करत नाहीत, ती मराठीचं व्याकरण चोख वापरत असतात, फक्त शब्द इंग्रजी असतात. म्हणून तर नांदेडचा मुलगा आणि सावंतवाडीची मुलगी एकमेकांना कधी न भेटता हुबेहूब तीच चूक करतात. आणि म्हणूनच ती सुधारता येते, कारण पाय कुठे घसरणार ते आधीच माहीत असतं.

तुझं तेच वाक्य घेऊ. मराठीत काय आहे ते? 'माझ्या नवऱ्याला दोन दिवसांपासून ताप आहे.' यात खोट काढून दाखव म्हणावं कोणालाही. आता हे इंग्रजीत जाताना तीन ठिकाणी अडकलं.

पहिलं म्हणजे 'आहे'. आपल्याकडे 'हॅव' असं क्रियापदच नाही गं. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे गाडी आहे, माझ्याजवळ पैसे आहेत, तिला ताप आहे, सगळीकडे आपलं 'आहे'. शाळेत पहिल्यांदा 'आहे म्हणजे इज' असं घोकून घेतात, मग वर्षभराने 'हॅव' येतं, आणि बोलायच्या घाईत दोन्ही एकत्र तोंडात येतात, 'इज हॅविंग'. त्यात भर म्हणजे मराठीत आपण 'मला कळतंय, मला वाटतंय, मला आठवतंय' असं बिनदिक्कत म्हणतो, त्यामुळे 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'आय ॲम रिमेंबरिंग' हे कानाला अजिबात खटकत नाही. मी मुलांना एक कसोटी द्यायचे, जे काम मध्येच थांबवता येतं त्याला 'आयएनजी' लाव. जेवण मध्येच थांबवता येतं, म्हणून 'आय ॲम हॅविंग लंच' एकदम बरोबर. पण दोन भाऊ असणं मध्येच थांबवता येतं का? नाही, म्हणून 'आय हॅव टू ब्रदर्स'. माहीत असणं, समजणं, हवं असणं, मालकीचं असणं हे सगळं याच खात्यात, नो, अंडरस्टँड, वाँट, नीड, ओन. शंभर टक्के ठिकाणी ही कसोटी लागू पडत नाही, पण तुझं ऑफिस त्यावर सहज निभेल.

दुसरं 'पासून'. आपण सोमवारपासून पण म्हणतो आणि दोन दिवसांपासून पण म्हणतो, एकच शब्द. इंग्रजीत त्याची दोन घरं आहेत. कधी सुरू झालं ते सांगायचं तर 'सिन्स', सिन्स मंडे, सिन्स 2021, सिन्स धिस मॉर्निंग. किती वेळ झाला ते मोजून सांगायचं तर 'फॉर', फॉर टू डेज, फॉर थ्री इयर्स. यावर मराठीतलीच एक युक्ती आहे, जिथे 'पासून' काढून 'गेली इतकी वर्षं', 'गेले इतके दिवस' असं म्हणता येतं तिथे फॉर. 'गेली तीन वर्षं मी इथे काम करतेय' म्हणता येतं, 'गेली 2021 मी इथे काम करतेय' म्हणता येत नाही. झालं.

तिसरं म्हणजे काळ, टेन्स. ताप दोन दिवसांपूर्वी आला आणि अजून आहे. मराठी म्हणते अजून आहे ना, मग वर्तमानकाळ. इंग्रजी म्हणते सुरुवात मागे झालीये, तर मागचं टोक पण दिसलं पाहिजे, म्हणून 'हॅज हॅड'. आणि काम चालू असेल तर 'हॅव बीन वर्किंग'. तर ते वाक्य होतं 'माय हजबंड हॅज हॅड अ फीवर फॉर टू डेज'. 'हॅज हॅड' पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते, वीस वेळा मोठ्याने म्हण, मग नाही अडखळत. आणि तेही नको असेल तर सरळ 'माय हजबंड इज सिक, आय नीड अ डे ऑफ टुमॉरो' म्हण. सोपं बोलणं म्हणजे कच्चं बोलणं नाही, हे लक्षात ठेव, कारण पुष्कळ जण अवघड वाक्याच्या नादात सोपं पण हरवून बसतात.

आता काळाचा विषय निघालाच आहे तर अजून एक सांगते, तुझ्यासारख्या अकाउंट्सवाल्यांच्या मेलमध्ये ही चूक मी सगळ्यात जास्त बघितलीये. 'वी हॅड सबमिटेड द डॉक्युमेंट्स लास्ट वीक.' बरोबर ना? तुझ्या पण सेंट फोल्डरमध्ये असणार. कारण मराठीत आपण 'मागच्या आठवड्यात कागदपत्रं दिली होती', 'काल मी मुंबईला गेले होते' असंच म्हणतो, 'होते' लावलं की गोष्ट घडून गेली, संपली. इंग्रजीतलं 'हॅड' तसं नाही, ते जोडीनेच राहतं, भूतकाळातल्या दोन गोष्टी असतील आणि त्यातली आधी कुठली झाली ते सांगायचं असेल तेव्हाच ते लागतं. मी बँकेत पोचले तेव्हा काउंटर बंद झालं होतं, इथे पोचणं नंतर, बंद होणं आधी, म्हणून 'द काउंटर हॅड क्लोज्ड'. नुसतं 'हॅड सबमिटेड' वाचलं की इंग्रजीवाला माणूस पुढच्या गोष्टीची वाट बघत बसतो, की मग काय झालं? 'वी सबमिटेड द डॉक्युमेंट्स लास्ट वीक', बास. तसंच 'मी कालच मेल पाठवलाय' हे मराठीत मस्त चालतं आणि त्याचं 'आय हॅव सेंट द मेल यस्टरडे' झालं की इंग्रजीत चालत नाही. वाक्यात काल, परवा, मागच्या महिन्यात, 2019 मध्ये असा संपलेला वेळ असला की हॅव पण नाही आणि हॅड पण नाही, साधा भूतकाळ, सेंट, वेंट, पेड. हा एक नियम जरी आत्मसात केलास तरी तुझे निम्मे मेल सुधारतील, हे मी अगदी खात्रीने सांगते.

मग ते अ, ॲन आणि द. याची भीती सगळ्यांनाच असते, आणि सगळ्यांना सांगितलेलं असतं की मराठीत आर्टिकल नाही म्हणून आपल्याला ते कळत नाही. शब्द नाही हे खरं, पण ती समज आपल्याकडे आहे. हे बघ, 'मी मुलगा शोधतेय' आणि 'मी मुलाला शोधतेय'. पहिली बाई लेकीसाठी स्थळ बघतेय, मुलगा कोण ते अजून ठरायचंय. दुसऱ्या बाईचं पोर जत्रेत हरवलंय, एकच ठरावीक पोर आहे ते. 'डॉक्टर शोधतेय' म्हणजे कोणीही चांगला डॉक्टर, 'डॉक्टरांना शोधतेय' म्हणजे आपले नेहमीचे डॉक्टर, आत्ता वॉर्डात दिसत नाहीयेत. नुसत्या 'ला'ने, 'ना'ने आपण हा फरक करतो, आणि आपल्या घरातलं चार वर्षांचं पोर सुद्धा तो बरोबर करतं. इंग्रजीत तेच काम 'अ' आणि 'द' करतात. पहिली बाई 'अ बॉय' शोधतेय, दुसरी 'द बॉय'. म्हणून मेल लिहिताना स्वतःला एवढंच विचार, समोरच्याला कळतंय का मी कुठल्या इन्व्हॉइसबद्दल बोलतेय? कळत असेल तर 'द इन्व्हॉइस', पहिल्यांदाच सांगत असशील तर 'ॲन इन्व्हॉइस'. आणि अ की ॲन हे अक्षरावरून ठरत नाही, उच्चारावरून ठरतं, म्हणून ॲन एमपीएससी कँडिडेट पण अ यूपीएससी कँडिडेट, ॲन अवर पण अ युनिव्हर्सिटी. गावाच्या नावापुढे द नाही, नदीच्या नावापुढे द असतो, पुणे नुसतं पुणे, पण द मुठा, द गोदावरी. बाकीचे आर्टिकलचे पन्नास नियम आत्ता सोडून दे, चुकलं तरी अर्थ अडत नाही.

अर्थ अडतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि ते पुस्तकात फारसं सापडत नाही. आपला 'च' बघ. केवढासा, पण मराठी बोलताना दर वाक्याला लागतो. आजच पाठवते, मीच केलं, पुण्यातच राहते. इंग्रजीत असा प्रत्यय नाही म्हणून आपण त्याच्या जागी ओन्ली नाहीतर इटसेल्फ बसवतो, 'टुडे इटसेल्फ', 'आय ॲम फ्रॉम पुणे ओन्ली'. आपल्या आपल्यात कळतं सगळ्यांना, पण बाहेरचा माणूस ओन्ली ऐकला की 'फक्त' असाच अर्थ घेतो. आता तू क्लायंटला लिहिलंस 'वी ओन्ली पेड द जीएसटी', तुझ्या मनात आहे की जीएसटी आम्हीच भरला, दुसऱ्या कोणी नाही. तो वाचणार की यांनी फक्त जीएसटी भरला, बाकीचं काहीच दिलं नाही! पैशांच्या कामात हे किती महागात पडेल बघ. तिथे 'इट वॉज अस हू पेड द जीएसटी' किंवा अजून सोपं, 'वी पेड द जीएसटी, नॉट द व्हेंडर'. आणि 'आजच'साठी नुसतं 'टुडे' पुरतं, बोलताना त्यावर जोर द्यायचा, लिहिताना 'बाय द एंड ऑफ टुडे'.

आणि दुसरी जागा, 'हो' आणि 'नाही'. 'तू जेवली नाहीस का?' असं कोणी विचारलं तर आपण म्हणतो 'हो, नाही जेवले'. म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी जेवले नाही. आपण समोरच्याच्या बोलण्याला हो म्हणतो. इंग्रजीत येस आणि नो माणसाला नसतं, घडलेल्या गोष्टीला असतं, जेवलीस तर येस, नाही जेवलीस तर नो, प्रश्न कसाही विचारलेला असो. मी नुकतीच शिकवायला लागले होते तेव्हाची गोष्ट, माझं चेकबुक घरी यायचं होतं, आलं नाही, कस्टमर केअरला फोन लावला, तिकडची मुलगी इंग्रजीतच बोलत होती. तिने विचारलं 'हॅवन्ट यू रिसीव्ह्ड इट मॅम?' आणि मी म्हटलं 'येस'. माझ्या मनात होतं, हो ना, नाहीच मिळालं. तिने ऐकलं, मिळालं. तक्रार तिथल्या तिथे बंद झाली आणि मी पुढे पंधरा दिवस वाट बघत बसले. तेव्हापासून अशा प्रश्नाला मी नुसतं येस किंवा नो म्हणतच नाही, पूर्ण वाक्य बोलते, 'आय हॅवन्ट रिसीव्ह्ड इट'. तू पण तसंच कर, कॉलवर तर हमखास.

शब्दयोगी अव्ययांचं आणि प्रत्ययांचं, म्हणजे तिकडच्या प्रीपोझिशन्सचं पण हेच, आपली बद्दल, वर, शी, ला सगळी तिकडे पाहुणी जातात. कशाबद्दल तरी चर्चा म्हणून 'डिस्कस अबाउट', पण डिस्कसच्या पोटातच 'बद्दल' आहे, म्हणून 'लेट्स डिस्कस द बजेट' एवढंच. सर माझ्यावर रागावले म्हणून 'अँग्री ऑन मी', तिकडे म्हणतात 'अँग्री विथ मी'. त्याच्याशी लग्न केलं, 'मॅरीड विथ हिम' नाही, 'मॅरीड हिम'. मला समजावून सांगा, 'एक्सप्लेन मी' नाही, 'एक्सप्लेन इट टू मी'. घरी गेले, 'वेंट टू होम' नाही, नुसतं 'वेंट होम'. आणि हे ग्रुपवालं पण तुझ्या पत्रात आलंच आहे म्हणून सांगते, माझ्यावर हसले याला 'लाफ्ड ॲट मी' म्हणतात. यांना नियम नाही गं, जोडीने पाठ करायचे, जसं आपण मराठीत 'तिला भेटले' पण 'तिच्याशी भांडले' हे कधी नियमाने शिकलो नाही.

जोडशब्दांची आपली सवय आहे जरी-तरी, कारण-म्हणून. मराठीत एक आला की दुसरा येतोच, म्हणून इंग्रजीत पण 'ऑल्दो आय वॉज सिक बट आय केम' आणि 'बिकॉज द सर्व्हर वॉज डाउन सो वी कुडन्ट फाइल' असं होतं. तिथे एकच पुरतो, दोघांपैकी कुठलाही एक ठेव. प्रश्न विचारताना आपण शब्दांची जागा बदलत नाही, 'तू उशिरा का आलीस' हे साध्या वाक्यासारखंच असतं, म्हणून 'व्हाय यू आर लेट' येतं, तिथे उलटं करायचं, 'व्हाय आर यू लेट'. पण तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की परत सरळ, 'आय डोन्ट नो व्हाय ही इज लेट'. आणि डिड आलं की भूतकाळ त्याने घेतला, पुढचं क्रियापद मूळ रूपात, 'डिडन्ट गो', 'डिडन्ट पे'.

एकवचन अनेकवचनाचं मला मराठीतलंच एक उदाहरण फार आवडतं. आपण 'माहित्या' म्हणतो का कधी? नाही, कितीही असली तरी माहिती. 'सामाने' म्हणतो का? नाही. तसंच इन्फर्मेशन आणि लगेज, त्यांना एस लावायचाच नाही. पण मराठीत सल्ले होतात, बातम्या होतात, केस गळतात, म्हणून 'ॲडव्हायसेस', 'न्यूज आर', 'हेअर्स आर फॉलिंग' असं येतं. तिकडे हे पण माहितीसारखेच, एकवचनी. फर्निचर, इक्विपमेंट आणि स्टेशनरी पण त्यातलेच. आणि 'माझा एक मित्र' याचं 'वन ऑफ माय फ्रेंड' होतं ते 'वन ऑफ माय फ्रेंड्स', कारण त्याचा अर्थ मित्रांपैकी एक असा आहे, अनेकांतला एक.

आता ज्या चुका नाहीत त्यांना चुका म्हणून घाबरू नकोस, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण इंटरनेटवर 'हे दहा शब्द कधीच वापरू नका' असं ओरडणारे खूप झालेत. 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, आपल्याकडचा शब्द म्हणून नोंदवलेला आहे, मीटिंग अलीकडे घ्यायची तर भारतातल्या ऑफिसात बिनधास्त प्रीपोन म्हण. 'डू द नीडफुल' तर साहेबांच्या पत्रव्यवहारातलंच आहे, तिकडे मागे पडलं, इकडे राहिलं, चूक कसली त्यात. 'कझिन ब्रदर' का म्हणतो आपण? कारण आपल्याकडे चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ आहेत, प्रत्येक नात्यात भाऊ आहे, तो नुसत्या कझिनमध्ये दिसत नाही म्हणून आपण तो मागून जोडतो. इंग्रजीला त्याची गरज नाही, पण आपल्याला आहे. फरक फक्त ऐकणारा कोण याचा. समोर भारतातला माणूस असेल तर चालतं, परदेशी क्लायंट असेल तर दोनचार शब्द सांभाळ. 'पास आउट' म्हणजे तिकडे चक्कर येऊन पडणं, नाहीतर आपल्या खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड असते तसं सैनिकी शिक्षण पूर्ण होणं, तू बीकॉम झालीस ते 'ग्रॅज्युएटेड'. बिल्डिंगच्या मागे म्हणजे 'बिहाइंड द बिल्डिंग', बॅकसाइड म्हणजे तिकडे माणसाचं बूड. 'आय विल रिव्हर्ट' ऐवजी 'आय विल रिप्लाय'. आणि लाख-कोटी त्यांना कळत नाही, 10 लाख म्हणजे वन मिलियन, स्वल्पविराम पण आपले 10,00,000 असे आणि त्यांचे 1,000,000 असे, हे तुझ्या कामात व्याकरणाच्या कुठल्याही चुकीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

मेलमधल्या आदराचं पण थोडं सांगते. मराठीत आदर क्रियापदातच असतो, 'पाठव' आणि 'पाठवा', एका काना-मात्रेत सगळं आलं. इंग्रजीत दोन्हीचं 'सेंड'च होतं, आदर वाटेत गळून पडतो, आणि मग 'यू सेंड मी द फाइल टुडे' हे तू मनात 'तुम्ही मला पाठवा' असं नम्रपणे म्हणत असतेस आणि समोरच्याला हुकूम वाटतो. म्हणून तिथे 'कुड यू प्लीज सेंड' लावायचं, ते आपलं 'पाठवा' आहे असं समज.

उच्चारांचं एकच सांगते कारण तू ते विचारलं नाहीस. आपण 'व्हिडिओ' पण 'व्ह' लिहितो आणि 'व्हॉट्सॲप' पण 'व्ह' लिहितो, पण इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज आहेत. व्हिडिओला वरचे दात खालच्या ओठावर टेकव, व्हॉट्सॲपला ओठांचा चंबू कर, दात लावू नकोस. आरशासमोर पाच मिनिटं करून बघ, लगेच जमतं.

आता कोर्सचं. आत्ता लावू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. 28 हजार थोडे नाहीत, आणि तुला इंग्रजी येत नाही असं नाहीच, तू इंग्रजीतले जीएसटीचे नियम वाचतेस, नोटिसांना उत्तरं देतेस. तुला हवंय ते असं कोणीतरी, जे तुझ्याच चुका तुला दाखवेल. तरी पुढे कधी वाटलंच तर पैसे भरायच्या आधी एवढं विचार, बॅचमध्ये किती जण असतात, आणि एका तासात मी स्वतः किती मिनिटं बोलणार. तीस जणांच्या बॅचमध्ये तुझ्या वाट्याला दोन मिनिटं येत असतील तर ते नुसतं ऐकणं झालं.

त्याऐवजी असं कर. तुझे मागच्या महिन्यातले वीस मेल उघड, फक्त तुझे स्वतःचे, कॉपी-पेस्टवाले नको. एका वहीत तीन रकाने कर, तू लिहिलेलं वाक्य, त्याच्या मागचं मराठी वाक्य, आणि बरोबर इंग्रजी. तो मधला रकाना सोडू नकोस, सगळी किल्ली त्यात आहे, कारण मराठी वाक्य लिहिलं की 'अरे हा तर पासूनमुळे झालेला सिन्स आहे' हे तुझं तुलाच दिसेल. पहिला महिना फक्त दोनच गोष्टी पकड, ते 'हॅड' आणि ते 'सिन्स-फॉर'. बाकीचं चुकू दे. दुसऱ्या महिन्यात 'हॅविंग' आणि 'ओन्ली'. एकदम सगळं सुधारायला गेलीस तर तोंडच उघडणार नाही, हे मी खूप मुलांच्या बाबतीत बघितलंय, चांगली हुशार मुलं गप्प बसायला लागतात. आणि लिहिलेलं रोज मोठ्याने वाच, स्वयंपाक करताना वाच, कारण कॉलवर डोकं नाही, जीभ आधी धावते.

वयाचं म्हणशील तर, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं, तू तेव्हा तिसरी-चौथीत असशील, म्हणजे तुझी बॅच जेमतेम दोनतीन वर्षांनी हुकली, त्यात तुझा काही दोष नाही. माझ्याकडे पन्नाशीच्या बायका शिकल्यात, नातवाशी फोनवर बोलता यावं म्हणून, कारण नातू अमेरिकेत. त्यांना उच्चार जड गेले, पण व्याकरण त्या माझ्या कॉलेजच्या मुलांपेक्षा लवकर शिकल्या, कारण त्यांचं मराठी पक्कं होतं आणि मी मराठीवरूनच शिकवत होते. तुझंही मराठी पक्कं आहे, पत्रावरून दिसतंय.

लेकीला मध्येच थांबवू नकोस म्हणून सांग, पण सुधारू नकोस म्हणून सांगू नकोस. तिला म्हण, मम्माचं बोलून झालं की मग सांग, आणि नुसतं 'असं नसतं' नाही, कसं असतं तेही सांग. सात वर्षांच्या मुलीला आईला शिकवायला मिळणं ही फार मोठी गोष्ट वाटते. आणि तू तिला 'मुलगा शोधतेय' आणि 'मुलाला शोधतेय'मधला फरक विचार एके दिवशी, बघ किती वेळ विचार करत बसते ते.

आणि तो ग्रुपवर वाक्य टाकणारा. त्याला इंग्रजीत उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. त्याला बाजूला घेऊन मराठीत, नाहीतर त्याला कळेल त्या हिंदीत, सरळ सांग की माझं चुकलं तर मला एकटीला सांग, मी लिहून घेईन, पण परत ग्रुपवर टाकलंस तर मी ते मॅनेजरला दाखवेन. आवाज चढवू नकोस, पण बोल, पुढच्या कॉलच्या आधी बोल, नाहीतर पुढच्या कॉलला तुझं सगळं लक्ष त्याच्याकडेच राहील.

महिनाभराने त्या वहीतली पाच वाक्यं मला पाठव, नावं आणि आकडे काढून, मी बघून देते. आणि नवऱ्याचा ताप उतरला का तेही कळव.